आग्रह नसलेलं घर

प्रिय प्रसन्ना,

माझं अक्षर ओळखून तू हे पत्र अर्धवटच फडताळात टाकशील अशी मला भीती आहे, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. श्रीजा जेवत नाही. तुझी भाची, तुझ्या लग्नात तुझ्या पदराचं टोक धरून मिरवणारी. ऐन पावसातल्या कर्किडक महिन्यापासून ती जेवत नाही आणि आता तिची अशी दशा झाली आहे की तिच्या पाठीला तेल लावताना मी डोळे मिटून घेते. एकेक मणका बोटाला लागतो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर हिचं हृदय कधी थांबेल याचा नेम नाही. एवढं तुला कळायला हवं होतं. पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव. तू आमच्याशी संबंध तोडलेस त्यात तुझं काही चुकलं असं मला कधीच वाटलं नाही, हे मात्र मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

आपल्या घराची रीत मी तुला काय सांगायची, तू तर तिच्यातच वाढलीस. पण मी बाहेरून आले होते. माझ्या माहेरी जेवण म्हणजे भांडण. आई वाढत सुटायची, आम्ही पानावर आडवे हात धरायचो, ती हात बाजूला करून वाढायची. लग्नानंतर पहिल्या दुपारी मी इथे पानावर बसले आणि मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मला म्हणाले, “सौमिनी, सकाळचं पचलं का? ढेकर कसा आला, स्वच्छ की आंबट?” मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे. मान खाली घालून बसले. तेवढ्यात दारामागून तू असा काही खणखणीत ढेकर दिलास की मी दचकलेच. मामंजी मागे न बघता म्हणाले, “ही एक खोटारडी. हिच्या पोटात आत्ता अर्धा फणस आहे. हिला वाढू नका.” तू हसत हसत बाहेर आलीस आणि माझ्याच पानातला पापड उचलून पळालीस. त्या घरात मला पहिल्यांदा आपलं माणूस दिसलं ते तेव्हा.

गावातले लोक मामंजींबद्दल म्हणायचे, रैरू वैद्यरांकडे जेवायला जायचं तर आधी ढेकराची परीक्षा पास व्हावी लागते. आणि पास झालं तरी कुणी ‘आणखी घ्या’ म्हणणार नाही, ‘थोडं तरी खा’ म्हणणार नाही. आग्रह या घरात शिवीसारखा. मामंजींचं म्हणणं, भूक ही देहाची स्वतःची बोली आहे, मध्ये दुसऱ्याने तोंड घालू नये. आधीचं पचल्याशिवाय पुढचं नाही, पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवायचा, आणि ज्याला भूक नाही त्याच्यासमोर पान मांडायचं नाही. मी सुरुवातीला नाक मुरडलं. पण नंतर माझीच आई कावीळ होऊन इथे आली, पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. मामंजींनी तिला आधी नुसतं पेजेवरचं पाणी दिलं, मग शितं दिसतील अशी पेज, मग दाट, मग मुगाचं कढण. तिने “भूक लागली” म्हटल्याशिवाय एक पायरी वर चढू दिली नाही. ज्या सकाळी ती आपणहून म्हणाली, “पोरी, मासे आहेत का गं?” त्या सकाळी मी मामंजींच्या पाया पडले. त्या दिवसापासून मीही या रीतीची झाले. माझ्या तोंडातून ‘खा’ हा शब्द गेला तो गेलाच.

श्रीजा या रीतीची सगळ्यात शहाणी लेक. तू ढेकर काढून दाखवायचीस, तुझा भाऊ दिवाकरन भूक नसताना आहे म्हणायचा, पण हिने कधी खोटा ढेकर दिला नाही. सकाळी पेजेला बसताना मामंजी तिच्यासाठी फणसाचं पान दुमडून, काडी टोचून चमचा करून द्यायचे. ती तो चमचा काठोकाठ भरायची नाही. अर्धाच भरून, सावकाश, न बोलता खायची. चिवडत बसायची नाही, मागायची नाही. ओसरीवर रोगी बसलेले असायचे, त्यांना मामंजी बोटाने दाखवायचे, “बघा माझ्या नातीकडे. हिला कुणी शिकवलं नाही. हिच्या पोटात घड्याळ आहे.” ती लाजायची आणि पुढच्या वेळी आणखी थोडं कमी घ्यायची. आम्हाला ते गोड वाटायचं गं. दिवाकरनचा हात काढ्याच्या कढईपुरताच, नाडी त्याला कधी लागली नाही. मामंजींनी ठरवलं होतं, ओसरी श्रीजाच्या हाती द्यायची. ती कॉलेजातून आली की त्यांच्या शेजारी बसायची, रोग्याची जीभ बघायची, आणि मामंजींनी विचारायच्या आधी सांगायची. त्यांचा जीव होता तिच्यात, अजून आहे. म्हणून तर सगळं असं झालं.

कर्किडकात आपल्याकडे औषधी पेज होते, तुला आठवत असेल, तू ती मांजराला घालायचीस. या वर्षी महिना संपला, सगळे जेवणावर आले, ही पेजेवरच राहिली. म्हणाली, “भूक नाही.” झालं. या घरात त्या दोन शब्दांपुढे कुणी काही बोलत नाही. मामंजी उलट खूश झाले, म्हणाले, “देह हलका झालाय, त्याला आवडतंय, राहू दे.” मग ओणम आला. पानावर सगळे पदार्थ वाढले आणि ही शेवटाला बसून फक्त ताक प्यायली. मग तिचे हात गार पडायला लागले. जिभेवर पांढरा थर आला. पाळी थांबली. मामंजींनी नाडी बघितली, जीभ बघितली, पोटावर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाले, मंदाग्नी. विस्तव मंद झालाय, त्यावर लाकडं टाकायची नाहीत. म्हणून तिला लंघन सांगितलं. जेवणाआधी आलं आणि सैंधव, दिवसभर सुंठीचं पाणी, दुपारी पातळ पेज, तीही मागितली तर. ती मागायचीच नाही. मी ते सुंठीचं पाणी उकळून उकळून तिला नेऊन द्यायचे, प्रसन्ना. उपाशी पोरीला आम्ही उपासाचं औषध देत होतो, आणि मी ते गाळून, कोमट करून, ‘घोट घोट पी’ म्हणून सांगत होते.

कॉलेजच्या बसमध्ये ती कोसळली तेव्हा दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई दार लावून तिच्याशी बराच वेळ बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “पोटाचा आजार नाही हा. हिला भूक लागते. लागते आणि ती खात नाही. भूक मारली की तिला आपण कुणीतरी मोठे झालो असं वाटतं. आता हे तिच्या हातात राहिलेलं नाही.” मामंजी बाकावर बसले होते. ते ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू बाई परक्या भाषेत बोलल्या. म्हणाले, “भूक असून खात नाही? जनावरसुद्धा असं करत नाही.” आयुष्यभर त्यांनी भूक नसताना खाणारी माणसं पाहिली, हावरी पाहिली, चोरून खाणारी पाहिली. भूक आहे हे कबूल करायचं नाही म्हणून खोटं बोलणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं, निदान मला तेव्हा तसं वाटलं. त्यांनी जिच्या जिभेवर विश्वास ठेवला ती त्यांचीच नात होती, त्यांनीच शिकवलेली. काय सांगितलं की काय निदान होतं हे तिला पाठ होतं.

सलाइन लावलं, थोडी तरतरी आली, घरी आणलं आणि पुन्हा तेच. आता आम्हाला कळलं होतं, म्हणून तर जास्त वाईट. मी पेज नेऊन ठेवायची, भांडं रिकामं यायचं, मला बरं वाटायचं. मग एके दिवशी विहिरीमागच्या केळीच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली. सगळी पेज तिथेच ओतलेली. दिवाकरनला मी सांगायला नको होतं. त्याचा स्वभाव तुला माहीत आहे, वर्षभर बोलणार नाही आणि एकदम उसळेल. तो काढ्याच्या छपरीतून तसाच आला, तिचा जबडा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने भाताचा गोळा आत कोंबला. ती ओरडलीसुद्धा नाही. डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत राहिली आणि मग सगळं त्याच्या मनगटावर ओकली. तेव्हापासून तो घरात येत नाही. छपरीतच जेवतो, छपरीतच झोपतो. त्याला मी हाक मारली की म्हणतो, “कढई उतू जाईल, नंतर येतो.” चूल कधीची थंड असते.

आणि मी. मी काय करते ते तुला सांगू? मी मासे तळते, लसणाचा वास घरभर जाईल असे. केळी वाफवते, गूळ घालून. सगळं तिच्या खोलीच्या दारापर्यंत नेते आणि तिथे माझी जीभ उचलत नाही. ‘खा गं बाळा’ एवढं म्हणायचं असतं. माझी आई ते दिवसातून शंभरदा म्हणायची. मी इतकी वर्षं म्हटलेलं नाही, आता म्हणते तेव्हा ते नाटकातल्यासारखं ऐकू येतं, आणि तिलाही तसंच ऐकू येत असणार, कारण ती माझ्याकडे दया केल्यासारखी बघते. कधीकधी मला तिचा इतका राग येतो की वाटतं, ताट तिच्या अंगावर फेकून द्यावं. मग स्वतःची लाज वाटते. मग पुन्हा राग येतो. शेजारच्या बायका कुंपणावरून विचारतात, “वैद्यरांची नात ना ही, मग असं कसं?” एक तर म्हणाली, दृष्ट काढा. मी काढलीसुद्धा, मामंजींची नजर चुकवून. मीठ-मिरच्या चुलीत तडतडल्या, ठसका लागला सगळ्यांना, बाकी काही झालं नाही. माझ्या मनातून आशा गेली आहे, प्रसन्ना. हे मी दिवाकरनला सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते. सकाळी तिच्या खोलीत जाताना मी आधी दारातूनच छातीकडे बघते, हलते आहे का.

गेल्या सोमवारी मामंजी तिच्या खोलीकडे गेले. ओसरीवर आता ते बसत नाहीत. रोगी येतात, बाकावर थांबतात, परत जातात. एकाला तर ते म्हणाले, “मला काही कळत नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे जा.” मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते, तिथून तिचं दार दिसतं. त्यांच्या हातात पेजेची वाटी होती आणि त्यांनी फणसाचं पान दुमडून चमचा केला होता, तिच्या लहानपणी करायचे तसा. काडी नीट बसली नव्हती. ते दारात उभे राहिले आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, “श्रीजा, बाळ, खा. थोडं तरी खा.” मी खवणी तशीच सोडली. या माणसाने हे शब्द बायकोच्या शेवटच्या आजारातसुद्धा उच्चारले नव्हते. आणि ती त्यांच्याकडे बघून हसली. कुचेष्टेने नाही, अगदी प्रेमाने, चांगल्या विद्यार्थिनीसारखी. म्हणाली, “आजोबा, माझं आधीचं अजून पचलं नाही.”

ते परत आले, वाटी माझ्याजवळ ठेवली आणि जमिनीवरच बसले. मग त्यांनी तुझं नाव घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, “हे वाक्य तिने माझ्याकडूनच घेतलंय. प्रसन्नाच्या दारात.”

तुला तो दिवस मी सांगायला नको. तलश्शेरीतलं तुझं नवं घर, खाली भरतनची बेकरी, वर तुम्ही नवरा-बायको. भरतनने नवा सदरा घातला होता. तू पहाटेपासून उभी होतीस, टेबलावर केक, बटर, केळ्यात खोबरं भरून तळलेले उन्नक्काया, सगळं मांडून. वैद्याची लेक मैद्याच्या घरात दिली म्हणून मामंजी लग्नापासून धुसफुसत होते, पण आले होते ना, तुला तेवढंच पुरे होतं. आणि त्यांनी दारातच कोमट पाणी मागितलं आणि म्हणाले, “माझं आधीचं अजून पचलं नाही.” आपल्या घरात त्याला उत्तर नसतं. तुझा चेहरा मी पाहिला होता, त्यानंतर तू आमच्या दारात पाऊल टाकलं नाहीस. आता जे तुला माहीत नाही ते लिहिते. त्या दिवशी ते घरून काही न खाता निघाले होते. बसमध्ये श्रीजा त्यांच्या मांडीवर बसली होती, सहा वर्षांची. त्यांचं पोट गुरगुरलं तशी ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या पोटात बेडूक आहे.” त्यांनीच तिला सांगितलं, “बेडूक नाही गं, भूक आहे ती.” तासाभराने तुझ्या दारात तिने त्यांचं वाक्य ऐकलं. तू तिच्या हातात केकचा तुकडा दिलास, तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तुकडा ताटलीत परत ठेवला. म्हणाली, “माझंपण पचलं नाही.” आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “शाबास म्हणालो मी तिला, सौमिनी,” ते मला म्हणाले. “परतीच्या वाटेवर सगळ्या बसला सांगत आलो की माझी नात कशी आहे.” हे सांगताना ते रडले नाहीत. रडले असते तर मला सोसलं असतं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. येत्या गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही तिघं तुझ्याकडे येतोय, मामंजी, श्रीजा आणि मी. मामंजी काही न खाता निघणार आहेत. मी म्हटलं, या वयात चक्कर येईल, तर म्हणाले, “तेव्हाही तसाच गेलो होतो.” श्रीजाला ते मांडीवर घेऊ शकत नाहीत, पण तिला शेजारी बसवणार आहेत, त्यांच्या पोटाचा आवाज तिच्या कानावर जाईल असं. आणि तुझ्या दारात उभं राहून ते तुला म्हणणार आहेत, “प्रसन्ना, मला भूक लागली आहे, वाढ.” तुला वाटलं तर त्यांना टाकून बोल. कोमट पाणी देऊ का म्हणून विचार, ते ऐकून घेतील. पण मग वाढ. मैदा असू दे, तळलेलं असू दे, ते तिच्यासमोर बसून खाणार आहेत आणि दुसऱ्यांदा मागणार आहेत. त्यांना बाधेल, बाधू दे. त्यानंतर श्रीजाला तुझ्याजवळ ठेवून आम्ही दोघं परत फिरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिथे तिच्या प्रत्येक घासाकडे कुणी टक लावून बघत नाही अशा घरी ती राहायला हवी, आणि दर आठवड्याला तिला तिथल्या दवाखान्यात दाखवायला हवं, ती चिठ्ठी मी बरोबर आणते. तिच्यात फरक पडेल असं मला वाटत नाही. खोटं कशाला लिहू. कदाचित मी माझी पोर तुझ्या घरी मरायलाच आणून ठेवते आहे, आणि तसं झालं तर तू मला कधी माफ करू नकोस. पण आमच्या घरातून निघालेली, कुणाच्याही पानात न विचारता दुसरा डाव वाढणारी तू एकटीच आहेस. तिला भूक आहे का, तेवढं मात्र विचारू नकोस. भरतनलाही सांग, कामावरच्या माणसांनाही सांग, तो प्रश्न तुझ्या घरात कुणाच्या तोंडून निघू देऊ नकोस. ती नाही म्हणाली तरी वाढ, तिने ताट सरकवलं तरी तू तिच्याशेजारी बसून खा, आणि मोठ्याने, न लाजता, हव्या तितक्या वेळा तिला म्हण, ‘खा’. तुझ्या तोंडी तो शब्द खरा वाटतो. मला तो येत नाही गं, मी रोज दारामागे उभी राहून म्हणून बघते.

तुझीच,
सौमिनी वहिनी